ठेवींचा दर कधी बदलतो, कर्जाचा कधी : सहकारी बँकेतील नवोदितांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील एखाद्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत नव्याने रुजू झालेला अधिकारी असो, की पहिल्यांदाच संचालक मंडळावर निवडून आलेला सभासद असो, त्याला सुरुवातीच्या काही महिन्यांत दोन आकड्यांकडे पाहण्याची सवय लागते. थकबाकी किती आणि सीडी रेशो (ठेवींच्या तुलनेत दिलेल्या कर्जांचे प्रमाण) किती, हे ते दोन आकडे. दोन्ही महत्त्वाचे आहेतच. तरीही कर्जाचा एकही हप्ता थकलेला नसताना आणि कुठल्याही खात्यात गैरव्यवहार झालेला नसताना संस्थेचा नफा दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येऊ शकतो, आणि त्याचे कारण या दोन आकड्यांत कुठेही सापडत नाही. घेतलेल्या ठेवींचा दर एका वेळी बदलतो आणि दिलेल्या कर्जांचा दर दुसऱ्याच वेळी बदलतो, या अंतरात ते कारण दडलेले असते. हे अंतर कसे मोजावे आणि आटोक्यात कसे ठेवावे, ते या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. ताळेबंद वाचता येत असेल, तर पुढचे सगळे समजण्यास अडचण येऊ नये.

आधी मूळ गोष्ट

समजा, आपण एका वर्षाच्या मुदत ठेवी सात टक्क्यांनी घेतल्या आणि त्याच पैशातून पंधरा वर्षांचे घरकर्ज दहा टक्के स्थिर दराने दिले. आज तीन टक्के सुटतात. वर्षाने ठेवीची मुदत संपते, तोवर बाजारात ठेवीचा दर साडेआठ झालेला असतो. ठेवीदार काउंटरवर येऊन तोच दर मागतो आणि तो दिला नाही तर पावती मोडून शेजारच्या बँकेत जातो. कर्जदार मात्र ठरलेला हप्ता भरत राहतो. तीनाचे दीड टक्के झाले आणि त्या दीड टक्क्यातून पगार, भाडे आणि तरतुदी भागवायच्या आहेत.

असे खरोखर घडले आहे. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आलेला रेपो दर (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो) मे २०२२ पासून वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर गेला. पुढे फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्के झाला. आपली बँक रेपोने थेट पैसे उचलत नसेल, पण मोठ्या बँकांनी ठेवीचे दर वाढवले की खडेबाजारातल्या आपल्या ठेवीदाराला ते दुसऱ्या दिवशी माहीत असतात.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. ८४ महिन्यांत दामदुप्पट देण्याची योजना म्हणजे वर्षाला सुमारे १०.४ टक्के चक्रवाढ व्याज देण्याचा सात वर्षांचा करार असतो. ज्या संस्थेने अशा ठेवी भरपूर गोळा केल्या आणि त्या पैशातून दरवर्षी नूतनीकरण होणारी कर्जे दिली, तिला दर उतरलेले नडतात, कारण कर्जदार कमी दर मागतो आणि ठेवीदाराचा दर पावतीवर छापलेला असतो. म्हणून ‘दर वाढले तर बरे की वाईट’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. आपल्या संस्थेचे उत्तर आपल्याच ताळेबंदातून काढावे लागते.

पहिली पायरी : ताळेबंद तारखांनी वाचणे

आपल्याकडच्या वार्षिक अहवालात डावीकडे ‘भांडवल व देणी’ आणि उजवीकडे ‘जिंदगी व येणी’ असतात. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने एक प्रश्न लिहावा : या रकमेचा व्याजदर यापुढे लवकरात लवकर कोणत्या तारखेला बदलू शकतो?

येथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. मुदत संपण्याची तारीख आणि दर बदलण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा वर्षांचे घरकर्ज बदलत्या दराचे असेल आणि त्याचा दर दर तीन महिन्यांनी ठरत असेल, तर रोखतेच्या दृष्टीने ते दीर्घ मुदतीचे आहे, पण व्याजदराच्या दृष्टीने तीनच महिन्यांचे आहे. व्यापारी बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य निर्देशक दराशी जोडली गेली आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो, तीही याच प्रकारात मोडतात. म्हणून पत्रकेही दोन असतात. पैसा कधी येईल आणि कधी जाईल हे दाखवणारे रोखतेचे पत्रक पहिले, आणि दर कधी बदलेल हे दाखवणारे व्याजदर-संवेदनशीलतेचे पत्रक दुसरे. एकाच्या तारखा दुसऱ्यात घातल्या, की दोन्ही पत्रके निरुपयोगी होतात.

दुसरी पायरी : कप्पे पाडणे

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी १९९९ मध्ये बँकांसाठी मालमत्ता-दायित्व व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नागरी सहकारी बँकांनाही ही पद्धत पुढे लागू झाली. आपण सारे तिला ‘एएलएम’ म्हणतो. व्याजदराच्या पत्रकात १ ते २८ दिवस, २९ दिवस ते ३ महिने, ३ ते ६ महिने, ६ महिने ते १ वर्ष, १ ते ३ वर्षे, ३ ते ५ वर्षे आणि त्यापुढचे, असे कालखंडांचे कप्पे असतात. इमारत, फर्निचर, स्वनिधी (भागभांडवल व राखीव निधी), चालू खाते यांवर दराचा परिणाम होत नाही, म्हणून ते ‘असंवेदनशील’ या वेगळ्या रकान्यात जातात.

कर्नाटकचा सौहार्द सहकारी कायदा, १९९७ किंवा बहुराज्य सहकारी संस्था कायदा, २००२ यांखाली चालणाऱ्या पतसंस्था म्हणजे बँका नव्हेत. तरीही मी आग्रहाने सांगेन की हे पत्रक त्यांनीही तयार करावे, कारण कायदा वेगळा असला तरी गणित तेच आहे. शिवाय बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते, त्यामुळे संस्थेचा नफा घसरल्याची कुजबुज तेथे लवकर पसरते.

कप्पे भरताना संगणकातील माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मी पहिल्यांदा हे पत्रक तयार केले, तेव्हा १ ते २८ दिवसांच्या कप्प्यात ठेवींचा एवढा मोठा आकडा आला, की महिन्याभरात बँक रिकामी होईल असे वाटावे. शाखेत जाऊन पावत्यांची नोंदवही उघडली, तेव्हा उलगडा झाला. मुदत संपून ठेवीदाराने तोंडी ‘पुढे चालू ठेवा’ म्हटलेल्या ठेवी संगणकात नूतनीकरणाशिवाय तशाच पडून होत्या आणि त्या साऱ्या पहिल्या कप्प्यात येऊन बसल्या होत्या. मर्यादेची मुदत संपलेल्या कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा पैसे उचलता येणाऱ्या कर्जाच्या) खात्यांचीही तीच गत होती. त्यामुळे पत्रकाला हात घालण्यापूर्वी ‘मुदत संपलेल्या ठेवी’ आणि ‘नूतनीकरण बाकी असलेली खाती’ या दोन याद्या शाखांकडून साफ करून घ्याव्यात.

तिसरी पायरी : तफावत काढणे

शंभर कोटींच्या एका काल्पनिक बँकेवर हे करून पाहू. देण्यांच्या बाजूला स्वनिधी १० कोटी, चालू खाती ५, बचत २०, पिग्मी (एजंटामार्फत रोज गोळा होणारी छोटी ठेव) १०, वर्षाच्या आत परिपक्व होणाऱ्या मुदत ठेवी ३५ आणि एक ते तीन वर्षांच्या ठेवी २० कोटी आहेत. येण्यांच्या बाजूला रोख व बिनव्याजी शिल्लक ८ कोटी, इतर बँकांतील वर्षाच्या आतील ठेवी १०, दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे २०, सोनेतारण १२, कॅश क्रेडिट १५, स्थिर दराचे घरकर्ज २०, वाहन व यंत्रसामग्रीचे स्थिर दराचे कर्ज १२ आणि इमारत वगैरे ३ कोटी आहेत.

येत्या वर्षभरात दर बदलू शकणारी येणी मोजू. इतर बँकांतील ठेवी, सोनेतारण आणि कॅश क्रेडिट मिळून ३७ कोटी झाले. स्थिर दराच्या कर्जांच्या हप्त्यांतून वर्षभरात ५ कोटी मुद्दल परत येईल असे धरू, कारण तो पैसा नव्या दराने पुन्हा गुंतवला जाईल. एकूण ४२ कोटी. देण्यांत वर्षाच्या आतील मुदत ठेवी आणि पिग्मी मिळून ४५ कोटी होतात. ४२ वजा ४५, म्हणजे तफावत उणे ३ कोटी, आणि पत्रक पाहणाऱ्याला हायसे वाटते. पण बचतीचे २० कोटी यात धरलेलेच नाहीत. ते धरले, तर तफावत उणे २३ कोटी होते.

उणे तफावत असेल तर दर वाढल्यावर नफा घटतो आणि धन तफावत असेल (येणी देण्यांपेक्षा जास्त) तर दर उतरल्यावर घटतो. २३ कोटींवर एक टक्का म्हणजे वर्षाला २३ लाख. अर्थात सगळ्या रकमांचा दर १ एप्रिललाच बदलत नाही, तो वर्षभरात हळूहळू बदलतो, म्हणून पहिल्या वर्षी साधारण निम्मा, म्हणजे ११ ते १२ लाखांचा फटका बसेल आणि पूर्ण भार दुसऱ्या वर्षी जाणवेल. बँकेचा निव्वळ नफा ८० लाख असेल, तर दुसऱ्या वर्षी त्यातला पावपेक्षा जास्त हिस्सा एवढ्यानेच गेला.

चौथी पायरी : माणसे कशी वागतात ते आकड्यांत आणणे

वरच्या उदाहरणात उणे ३ आणि उणे २३ यांतला सगळा फरक बचत खात्याबद्दलच्या एका गृहीतकाचा होता. या कामातला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबावे.

बचत खात्याचा दर ऑक्टोबर २०११ पासून बँका स्वतः ठरवतात, आणि बहुतेक बँका तो क्वचितच बदलतात. त्यामुळे बचत असंवेदनशील आहे असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात मुदत ठेवीचा दर चढला की बचतीतला पैसा मुदत ठेवीकडे सरकतो. तीन टक्क्यांनी पडून असलेले ४ कोटी आठ टक्क्यांच्या पावत्यांत गेले, तर त्या रकमेवरचा खर्च एका टक्क्याने न वाढता पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे वर्षाला २० लाख. बाजारातला दर एका टक्क्याने हलल्यावर एवढा भार पडू शकतो, हे सूत्रात दिसत नाही. त्यासाठी मागच्या दरवाढीच्या काळातले, म्हणजे २०२२ आणि २०२३ मधले, आपल्याच बँकेचे दरमहा बचत व मुदत ठेवींचे आकडे शेजारी-शेजारी मांडून किती टक्के रक्कम सरकली ते पाहावे. रोखतेच्या पत्रकासाठी रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्ये बचतीतला १० टक्के आणि चालू खात्यातला १५ टक्के भाग चंचल धरण्याचे सुचवले होते. सुरुवातीला तो आकडा घ्यावा, पण आपला इतिहास हाती आला की त्यावरच भर द्यावा.

पिग्मी ही तर आपल्या भागातल्या ठेवींचा कणाच आहे. १९२८ मध्ये उडुपीत सुरू झालेल्या पिग्मी योजनेचे नाव आज रविवार पेठेतल्या दुकानदाराच्याही तोंडी असते. ही ठेव कागदोपत्री वर्षाची असली तरी दुकानदार ती गणेशोत्सवाच्या खरेदीसाठी, दिवाळीच्या मालासाठी किंवा जूनमध्ये मुलांच्या फीसाठी मोडतो. दर किती आहे यापेक्षा एजंट रोज वेळेवर येतो की नाही, याला तो अधिक महत्त्व देतो. म्हणून पिग्मीवरचा दर थोडा मागे राहिला तरी पैसा लगेच जात नाही, पण हंगामात रोख मात्र लागते. एजंटांशी बोलून कोणत्या महिन्यात किती पासबुके बंद होतात हे लिहून ठेवले, तर पत्रक फार सुधारते.

तिसरी गोष्ट उसाची. चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांतील गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च चालते. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, प्रत्यक्षात बिले टप्प्याटप्प्याने येतात, पण एकूण पैसा या काळात खात्यांत उतरतो. शेतकरी सोसायटीचे पीककर्ज भागवून उरलेल्या रकमेची वर्षाची पावती करतो. त्यामुळे पुढच्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये पावत्यांचा गठ्ठा एकाच वेळी परिपक्व होतो, आणि नेमक्या त्याच तिमाहीत बाजारातले दर चढे असले, तर त्या सगळ्या ठेवींना एकदम वरचा दर द्यावा लागतो. वार्षिक तफावतीच्या आकड्यात हा धोका झाकला जातो, महिन्यांच्या कप्प्यांत मात्र तो स्पष्ट दिसतो. यावर सोपा उपाय असा, की हंगामात वर्षाच्या ठेवीऐवजी पंधरा, अठरा किंवा चोवीस महिन्यांची ठेव थोड्या अधिक दराने पुढे करावी, म्हणजे मुदतपूर्तीच्या तारखा पांगतात.

शेवटी दोन्हीकडच्या मुदतपूर्व मोडीचा विचार करावा. दर चढले की ठेवीदार जुनी पावती मोडून नवी करतो आणि मोडण्याबद्दलची कपात फरकापेक्षा कमी असेल, तर ती त्याला अडवत नाही. दर उतरले की चांगला कर्जदार दुसऱ्या बँकेत कर्ज वळवतो, आणि आपल्याकडे मुद्दल परत येते ते नेमके स्वस्त दराने गुंतवण्यासाठी. ‘दोन वर्षांची ठेव’ आणि ‘दहा वर्षांचे कर्ज’ या मुदती म्हणूनच कधीच अक्षरशः घेऊ नयेत.

पाचवी पायरी : रोख्यांचे ड्युरेशन

तफावतीचे पत्रक येत्या वर्षाचे उत्पन्न दाखवते. दर बदलल्याने आपल्या मालमत्तेचे मूल्यच किती घटते, हे त्यात दिसत नाही, आणि सरकारी रोख्यांच्या बाबतीत हा प्रश्न मोठा असतो. दर वाढले की जुन्या, कमी दराच्या रोख्याची किंमत पडते. किती पडते याचा अंदाज सुधारित ड्युरेशनवरून येतो : ड्युरेशन ५.५ असेल तर दर एक टक्क्याने वाढल्यावर किंमत ढोबळमानाने ५.५ टक्क्यांनी घटते. आपल्या काल्पनिक बँकेचे २० कोटींचे रोखे असे असतील, तर १ कोटी १० लाखांचा फटका आहे. हे रोखे मुदतपूर्तीपर्यंत ठेवण्याच्या वर्गात असतील, तर तो हिशेबाच्या वहीत उतरत नाही, पण पैशाची गरज पडून विकावे लागले की त्याच दिवशी उतरतो.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली, ती याच वाटेने. स्वस्त ठेवींचा पैसा दीर्घ मुदतीच्या रोख्यांत अडकला होता, दर चढले, ठेवी निघू लागल्या, सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर करावा लागला आणि दुसऱ्याच दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले. तिच्या आणि आपल्या आकारात अजिबात तुलना नाही, पण घटनांचा क्रम नवोदितांनी नीट समजून घ्यावा.

हेच गणित संपूर्ण ताळेबंदाला लावता येते. आपल्या उदाहरणात येण्यांचे सरासरी ड्युरेशन सुमारे २.३ आणि देण्यांचे सुमारे ०.७२ येते. देणी एकूण मालमत्तेच्या ९० टक्के आहेत, म्हणून २.३ मधून ०.७२ च्या ९० टक्के वजा केले की उरते साधारण १.६५. दर एक टक्क्याने वाढला तर स्वनिधीचे मूल्य सुमारे १ कोटी ६५ लाखांनी घटेल. रिझर्व्ह बँकेच्या २०१० च्या सूचनांत दोन टक्क्यांच्या धक्क्याने तपासणी करण्यास सांगितले होते. तो धक्का येथे लावला, तर दहा कोटींच्या स्वनिधीपैकी तिसरा हिस्सा जातो. वर्षाच्या तफावतीत काही लाखांचा दिसणारा धोका येथे कोटींत दिसतो, म्हणून दोन्ही मोजमापे घ्यावीत.

सहावी पायरी : अंतर कमी करणे

मोठ्या बँका व्याजदर स्वॅपसारखी (स्थिर व बदलत्या व्याजाची अदलाबदल करणारी) साधने वापरतात. आपल्याकडच्या छोट्या बँकांनी त्यामागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ताळेबंदातच पुरेसे मार्ग असतात. सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे नवे घरकर्ज बदलत्या दराने देणे, किंवा पहिली तीन वर्षे स्थिर आणि पुढे बदलता दर ठेवणे. मात्र हप्ता किंवा मुदत वाढू शकते हे कर्जदाराला मंजुरीपत्रातच त्याच्या भाषेत लिहून द्यावे. नाहीतर व्याजदराची जोखीम आपल्याकडून त्याच्याकडे सरकते आणि त्याला हप्ता झेपला नाही, की थकबाकी होऊन परत आपल्याकडे येते. उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीला किंवा शहापूर-वडगावच्या मागवाल्याला दोन टक्के वाढ झेपेल का, हे मंजुरीच्या वेळीच तपासावे.

सोनेतारण वर्षाच्या आत फिरते, म्हणून ते या दृष्टीने उपयोगी आहे. रोख्यांत सगळा पैसा दीर्घ मुदतीत न घालता काही भाग ९१, १८२ व ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत ठेवावा आणि उरलेल्याच्या मुदती शिडीसारख्या पांगवाव्यात. स्थिर दराची दीर्घ कर्जे द्यायचीच असतील, तर ती दीर्घ ठेवींच्या आणि स्वनिधीच्या मर्यादेतच द्यावीत. दामदुप्पटसारखी योजना जाहीर करण्यापूर्वी तो पैसा त्याच मुदतीसाठी कोणत्या दराने कुठे गुंतवणार, याचे लेखी उत्तर कर्ज विभागाकडून घ्यावे.

सातवी पायरी : दरमहा बैठक

एएलएम समितीत मुख्य कार्यकारी अधिकारी, कर्ज, ठेव आणि गुंतवणूक विभागांचे प्रमुख असावेत. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पत्रक तयार व्हावे आणि बैठकीत चारच गोष्टींवर चर्चा व्हावी : मागच्या महिन्यापेक्षा तफावत कोणत्या कप्प्यात बदलली, दर एक व दोन टक्क्यांनी वर किंवा खाली गेल्यास उत्पन्न आणि स्वनिधी किती बदलेल, संचालक मंडळाने ठरवलेली मर्यादा ओलांडली आहे का, आणि ठेव-कर्जाच्या दरपत्रकात आज कोणता बदल करायचा. मर्यादा संचालक मंडळाने ठरावाने घालावी. उदाहरणार्थ, दोन टक्क्यांच्या धक्क्याने स्वनिधीचा अमुक टक्क्यांपेक्षा जास्त भाग जाऊ नये, आणि गेला तर तीन महिन्यांत तो मर्यादेत आणण्याचा आराखडा पुढच्या सभेपुढे यावा.

इतिवृत्तात निर्णयाबरोबर गृहीतकेही लिहावीत : बचतीतला किती टक्के भाग सरकेल असे धरले, पिग्मी कोणत्या कप्प्यात टाकली, मुदतपूर्व मोडीचे प्रमाण काय घेतले. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष आकडे त्याच पानाशेजारी ठेवून ती गृहीतके दुरुस्त करावीत. नवोदिताने आपले पहिले काम म्हणून मागच्या बारा महिन्यांतील बचत, पिग्मी आणि मुदत ठेवींची महिनाअखेरची शिल्लक एका कागदावर लिहून काढावी आणि प्रत्येक मोठ्या चढ-उतारासमोर त्या शाखेच्या व्यवस्थापकाला विचारून कारण नोंदवावे.